कॅहाऊ पेट्रेल : बिळात घरटे करणाऱ्या समुद्रपक्ष्याचे प्रजनन व संवर्धन

प्रस्तुत लेखात उत्तर अटलांटिक महासागरातील बर्म्युडा बेटांवरच प्रजनन करणाऱ्या कॅहाऊ (टेरोड्रोमा कॅहाऊ) या संकटग्रस्त समुद्रपक्ष्याचा विचार केला आहे. स्पॅनिश खलाशांनी सोडलेली डुकरे आणि पुढे इंग्रज वसाहतीबरोबर आलेले उंदीर, मांजरे यांनी बिळांतील अंडी-पिले फस्त केली. दुष्काळात वसाहतकऱ्यांनीही हे पक्षी बेसुमार मारून खाल्ले. संरक्षणाचा हुकूम १६१६ मध्ये निघाला, परंतु तोवर फार उशीर झाला होता. पुढे सुमारे तीनशे वर्षे हा पक्षी नामशेष मानला गेला. १९५१ मध्ये रॉबर्ट कुशमन मर्फी व लुई मोब्रे यांना कॅसल हार्बरजवळील लहान खडकाळ बेटांवर त्याची मोजकी घरटी आढळली. त्या वेळी सोबत असलेल्या डेव्हिड विंगेट या शाळकरी मुलाने पुढे आपले आयुष्य याच पक्ष्याला वाहिले.

कॅहाऊची मादी वर्षातून एकदाच, जानेवारीत, एकच अंडे घालते. ते गमावल्यास त्या हंगामात दुसरे घातले जात नाही. अंडे सुमारे सात आठवडे उबवावे लागते. पिलू बाहेर आल्यावर थोड्याच दिवसांत आई-वडील त्याला दिवसा एकटे सोडून दूर समुद्रात जातात व केवळ रात्री खाद्य घेऊन परततात. नेमका हाच काळ घातक ठरला. या बेटांवर बीळ खोदण्याजोगी माती नसल्याने कॅहाऊला खडकांच्या कपारींचा आश्रय घ्यावा लागला होता. वसंतात ट्रॉपिकबर्ड हा मोठा पक्षी त्याच कपारींवर हक्क सांगत येई व एकट्या पिलाला ठार करी. यावर कपारीच्या तोंडाशी लाकडी फळी बसविण्यात आली. तिच्या छिद्रातून कॅहाऊ जाऊ शकतो, ट्रॉपिकबर्ड जाऊ शकत नाही. संवर्धनाच्या इतिहासात इतका साधा उपाय विरळाच म्हणावा लागेल.

सप्टेंबर २००३ मधील फेबियन चक्रीवादळाने अनेक बिळे उद्ध्वस्त केली. पक्षी त्या वेळी समुद्रात होते, म्हणूनच वाचले. मात्र सखल बेटांवर विसंबणे धोक्याचे आहे, हे स्पष्ट झाले. कॅहाऊ सामान्यतः जिथून प्रथम उडाला तिथेच तीन ते पाच वर्षांनी प्रजननासाठी परततो. त्यामुळे प्रौढ पक्षी हलवून उपयोग नव्हता. जेरेमी मडेरॉस यांच्या देखरेखीखाली २००४ ते २००८ या काळात शंभराहून अधिक पिले उड्डाणापूर्वी सुमारे तीन आठवडे आधी उंच व मातीच्या नॉनसच बेटावरील कृत्रिम बिळांत ठेवून त्यांना मासे व स्क्विड हाताने भरविण्यात आले. पिलू रात्री बिळाबाहेर येऊन परिसराची ओळख करून घेते, त्यापूर्वीच हे स्थलांतर करावे लागते. त्यांपैकी काही पक्षी परतले आणि २००९ मध्ये नॉनसचवर सतराव्या शतकानंतरचे पहिले पिलू जन्मले. १९६० च्या सुमारास केवळ अठरा असलेल्या जोड्या आता दीडशेहून अधिक झाल्या आहेत, तरीही प्रत्येक बिळाची हंगामभर नोंद ठेवली जाते.