चित्र चालू लागते



मागच्या वर्षीची गोष्ट आहे. नववीच्या वर्गात मी मराठीचा धडा शिकवत होतो. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा मान खाली घालून वहीच्या कोपऱ्यात काहीतरी काढत होता. मी जवळ गेलो आणि वही मागितली. त्याने घाबरत घाबरत ती पुढे केली. कोपऱ्यात एक छोटा पतंग होता. पुढच्या पानावर पुन्हा पतंग. त्याच्या पुढच्या पानावरही तोच. चाळीस पानांवर चाळीस पतंग! मी रागावणार, एवढ्यात त्याचा शेजारी म्हणाला, "सर, पाने भरभर सोडून बघा."

मी वहीची कड अंगठ्याने दाबली आणि पाने एकामागून एक सोडली. पतंग वर चढला, डुलला, दुसऱ्या पतंगाशी भिडला, कटला आणि गोते खात खाली गेला. सगळा वर्ग उभा राहून पाहू लागला. त्या दिवशी धडा तिथेच राहिला.

मी वर्गाला विचारले, "पतंग कोणत्या पानावर हलतो, ते मला दाखवा." वही हातोहात फिरली. सातव्या पानावर पतंग स्थिर होता. विसाव्या पानावरही स्थिरच. शेवटी एक मुलगी म्हणाली, "सर, तो दोन पानांच्या मध्ये हलतो." लगेच दुसरा म्हणाला, "दोन पानांच्या मध्ये तर काहीच नाही!" दोघांचेही खरे होते. सिनेमा असो, कार्टून असो, की मोबाइलवरचे एखादे हलते चित्र असो, सगळ्यांचे मूळ याच भांडणात आहे.

तुम्ही लग्नाच्या मांडवावरची रोषणाई पाहिली असेल. दिव्यांच्या माळेतून प्रकाश सरसर पळताना दिसतो. पण माळेतला एकही दिवा जागचा हलत नाही. एक दिवा विझतो, त्याच्या शेजारचा पेटतो, एवढेच घडते. तरी आपल्याला पळणारा प्रकाश दिसतो. १९१२ साली मॅक्स वेर्थहायमर नावाच्या शास्त्रज्ञाने नेमका हाच अभ्यास प्रसिद्ध केला. त्याने दोन रेघा थोड्या अंतरावर, एकीनंतर एक अशा दाखवल्या. मधला वेळ फार कमी ठेवला, की पाहणाऱ्याला दोन रेघा न दिसता एकच रेघ इकडून तिकडे सरकताना दिसे.

विज्ञानाच्या पुस्तकांत याचे कारण 'दृष्टिसातत्य' असे दिलेले असते. डोळ्यासमोरून वस्तू गेली, तरी तिची प्रतिमा क्षणभर डोळ्यांत राहते. हे खरे आहे, पण एवढ्याने भागत नाही. नुसत्या प्रतिमा रेंगाळल्या असत्या, तर चाळीस पतंगांचा एकावर एक गिचमिड ढीग दिसला असता. तसे होत नाही. आपला मेंदू आधीच्या चित्राची पुढच्या चित्राशी सांगड घालतो आणि मधली हालचाल स्वतःच भरून काढतो. म्हणजे चित्रकार अर्धेच काम करतो. उरलेले अर्धे पाहणारा करतो.

माणसाला ही गोष्ट फार पूर्वीपासून खुणावत आली आहे. इराणच्या आग्नेय भागात एका प्राचीन नगराचे अवशेष आहेत. त्याचे नाव शहर-ए-सोख्ता. उर्दू वाचणाऱ्यांना या नावाचा अर्थ सांगायला नको. तिथे मातीचा एक पेला सापडला. तो सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचा आहे. पेल्याभोवती एका बकऱ्याची पाच चित्रे आहेत. बकरा झाडाकडे झेप घेतो आणि पाला खातो. पेला हातात धरून ते फिरवत होते की नाही, हे तो कुंभारच जाणे. पण एकच बकरा पाच वेळा काढावा, असे त्याला वाटले खरे. पुढे अकराव्या शतकात, कैरो शहरात राहणाऱ्या इब्नुल हैसम यांनी 'किताबुल मनाजिर' हा प्रकाश आणि दृष्टी यांवरचा मोठा ग्रंथ लिहिला. वेगवेगळ्या रंगांचे पट्टे असलेला भोवरा वेगाने फिरला, की सगळे रंग मिसळून एकच रंग दिसतो, हे त्यांनी त्यात नोंदवले आहे. डोळ्याला जे दिसते ते आणि जे असते ते यांत फरक पडू शकतो, हे त्यांनी भोवऱ्यावरून ताडले होते.

आता एका घोडीची गोष्ट ऐका. घोडा भरधाव धावताना त्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीपासून सुटतात का? प्रश्न सोपा वाटतो. घोडे तर माणसाने हजारो वर्षे पाळले. तरीही याचे पक्के उत्तर कोणाजवळ नव्हते, कारण धावत्या घोड्याचे पाय डोळ्याला नीट दिसतच नाहीत. चित्रकार मात्र बेधडक चित्रे काढत. पुढचे दोन पाय पुढे ताणलेले, मागचे दोन मागे ताणलेले, आणि घोडा हवेत. सगळे तसेच काढत, म्हणून सगळ्यांना तेच खरे वाटे.

अमेरिकेतील कॅलिफोर्नियाचे माजी गव्हर्नर लेलंड स्टॅनफर्ड यांना घोड्यांचा शौक होता. त्यांनी हे काम एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराकडे सोपवले. (स्टॅनफर्ड यांनी यावर मोठी पैज लावली होती, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. पण त्याला पुरावा मिळालेला नाही.) मायब्रिज यांनी अनेक वर्षे प्रयत्न केले. शेवटी जून १८७८ मध्ये पालो आल्टो येथील शेतावर त्यांनी धावपट्टीच्या कडेला बारा कॅमेरे ओळीने मांडले. प्रत्येक कॅमेऱ्यापासून एक दोरा धावपट्टीवर आडवा ताणला. समोर पांढरा पडदा लावला. पाहायला वार्ताहरांना बोलावले. सॅली गार्डनर नावाची घोडी स्वारासह भरधाव निघाली. तिच्या पायांनी एकेक दोरा तुटत गेला आणि एकेका कॅमेऱ्याची झडप क्षणार्धात उघडून मिटली. सारा खेळ एका सेकंदाच्या आत आटोपला!

काचा तिथल्या तिथे धुऊन वार्ताहरांना दाखवण्यात आल्या. धावताना घोडीच्या खोगिराचा पट्टा तुटला होता. काचेवरही तो तुटलेलाच दिसत होता. तेव्हा ही चित्रे याच धावेची आहेत, मागाहून बनवलेली नाहीत, अशी सगळ्यांची खात्री पटली. आणि उत्तर काय मिळाले? चारही पाय जमिनीपासून सुटतात, हे खरे ठरले. पण ते ताणलेले असताना नव्हे. ते पोटाखाली गोळा झालेले असताना सुटतात! म्हणजे चित्रकारांनी इतकी वर्षे रंगवलेली ती ऐटदार झेप घोड्याने कधी घेतलीच नव्हती. काही चित्रकारांना हे मुळीच आवडले नाही. खरा घोडा त्यांना बेढब वाटला.

पुढे फ्रान्समधील एत्येन-ज्यूल मारे यांनी १८८२ साली बंदुकीच्या आकाराचा एक कॅमेरा तयार केला. उडत्या पक्ष्यावर नेम धरून घोडा दाबला, की त्यातून एका सेकंदात बारा चित्रे निघत. या बंदुकीने एकही पक्षी मेला नाही.

त्याच देशातील एमिल रेनो मात्र छायाचित्रे घेत नव्हते. ते हाताने चित्रे रंगवत. एका लांब पट्टीवर शेकडो चित्रे रंगवून त्यांनी २८ ऑक्टोबर १८९२ रोजी पॅरिसमध्ये ती पडद्यावर लोकांना दाखवली. तेव्हा सिनेमा अजून यायचा होता. तीनच वर्षांनी, डिसेंबर १८९५ मध्ये ल्युमिएर बंधूंचा सिनेमा आला. ७ जुलै १८९६ रोजी तो मुंबईत वॉटसन हॉटेलमध्येही दाखवला गेला. आता यंत्र मिनिटभरात शेकडो चित्रे टिपू लागले. हाताने रंगवलेल्या पट्ट्या पाहायला कोण येणार? रेनो यांनी निराश होऊन आपल्या बहुतेक पट्ट्या सेन नदीत फेकून दिल्या. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत वाईट घटना आहे. मागे राहिल्या त्या फक्त दोन.

घोडी इतक्या वेगाने धावते, की डोळ्याला तिचे पाय दिसत नाहीत. याच्या उलट, काही हालचाली इतक्या संथ असतात, की त्याही आपल्याला दिसत नाहीत. रोप वाढताना तुम्ही कधी पाहिले आहे का? काल ते बोटभर होते, आज चार बोटे आहे, एवढेच आपल्याला कळते. ही हालचाल आपल्याकडे एका मराठी माणसाने टिपली. त्यांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके. त्यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वर येथे झाला. सिनेमाचे वेड लागल्यावर ते रात्रंदिवस त्यातच बुडाले. डोळ्यांवर इतका ताण पडला, की काही काळ त्यांना दिसेनासे झाले. उपचारानंतर दृष्टी परत आली. १९१२ साली ते लंडनला गेले आणि कॅमेरा विकत घेऊन आले.

पण सिनेमा काढायला पैसे कोण देणार? हिंदुस्थानात सिनेमा तयार होऊ शकतो, यावर सावकारांचा विश्वास बसत नव्हता. फाळक्यांनी घरात एका कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला. समोर कॅमेरा ठेवला. ठरावीक वेळाने एक एक चित्र असे ते टिपत राहिले. कोंब फुटला, पाने आली, वेल वर चढला. मग ती सारी चित्रे त्यांनी पडद्यावर सलग दाखवली. कित्येक दिवसांची वाढ पाहता पाहता डोळ्यांसमोर उलगडली. 'अंकुराची वाढ' या नावाने ही छोटी फिल्म ओळखली जाते. ती पाहिल्यावर पैसे देणारा माणूस भेटला. ३ मे १९१३ रोजी मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' झळकला. त्या फिल्मच्या पट्टीला भोके पाडण्याचे आणि ती धुण्याचे किचकट काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत असत. पुढे फाळक्यांनी 'आगकाड्यांची मौज' नावाची एक फिल्म केली. तिच्यात आगपेटीतल्या काड्या स्वतःच हलत. काडी थोडी सरकवायची, चित्र घ्यायचे, पुन्हा थोडी सरकवायची, अशी ती रीत होती.

वेगवान घोडी झाली, संथ रोपही झाले. आणि जी हालचाल कधी घडलीच नाही, तिचे काय? अलिफ लैलाच्या कथांमधला उडणारा घोडा तुम्हाला ठाऊक आहे. जर्मनीतील लोटे रायनिगर या तरुण बाईंनी तो खरोखर उडवला. त्या काळ्या कागदाच्या आकृत्या कात्रीने कापत. हात, पाय, मान हे भाग वेगळे कापून बारीक तारेने जोडत. खालून उजेड असलेल्या काचेवर आकृती ठेवत आणि वर टांगलेल्या कॅमेऱ्याने एक चित्र घेत. मग पाय केसभर सरकवत. पुन्हा एक चित्र. पोट्सडाम शहरात हे काम १९२३ ते १९२६ अशी तीन वर्षे चालले. त्यातून 'शहजादा अहमद'ची तासाभराहून थोडी मोठी फिल्म तयार झाली. वॉल्ट डिस्ने यांची पहिली मोठी कार्टून फिल्म यानंतर अकरा वर्षांनी, १९३७ साली आली.

आता तुम्हीच करून पाहा. जुन्या वहीची चोवीस कोरी पाने घ्या. पान जाड नसावे, म्हणजे खालचे चित्र वरच्या पानावर पुसट दिसते. शेवटच्या पानापासून सुरुवात करा आणि पुढे पुढे या. मराठीची वही डावीकडे बांधलेली असते. ती डाव्या हातात धरून पाने उजव्या अंगठ्याने सोडा. उर्दूची वही उजवीकडे बांधलेली असते, तेव्हा हात उलटे होतील. चित्र मात्र नेहमी मोकळ्या कडेला काढा. शिवणीजवळ काढलेले दिसत नाही. ही चूक माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी केली.

पहिल्यांदा माणूस काढू नका, चेंडू काढा. चेंडू वर उडतो आणि खाली पडतो, एवढेच दाखवा. पुष्कळ मुले प्रत्येक पानावर चेंडू सारख्याच अंतराने सरकवतात. मग तो चेंडू वाटत नाही, दोरीने ओढलेली बादली वाटते. खरा चेंडू वर पोहोचताना मंद होतो. म्हणून तिथे चित्रे जवळ जवळ काढा. खाली येताना त्याचा वेग वाढतो, तिथे अंतर वाढवत न्या. जमिनीला टेकला, की एका पानावर तो किंचित चपटा काढा. एवढ्याने चेंडूत जीव येतो. वेग दाखवायचा असेल, तर चित्र बदलू नका, अंतर बदला. सिनेमात एका सेकंदाला चोवीस चित्रे असतात. कार्टून काढणारे बहुधा एकच चित्र दोनदा टिपतात, म्हणजे सेकंदाला बारा चित्रांत त्यांचे भागते. तरीही दहा मिनिटांच्या कार्टूनला ७२०० चित्रे लागतात!

घरी मोबाइल असेल, तर फाळक्यांचा प्रयोगही करता येईल. एका वाटीत ओला कापूस ठेवून त्यावर मूग पसरा. पुस्तकांच्या थप्पीला मोबाइल टेकवून पक्का बसवा. सकाळी सहा ते रात्री दहा, दर तासाला एक चित्र घ्या. दिवसाला सतरा चित्रे होतील, पाच दिवसांत पंच्याऐंशी. सेकंदाला बारा या वेगाने ती दाखवली, की सात सेकंदांची फिल्म तयार होते. कापूस सुकू देऊ नका. दिवा रोज त्याच जागी ठेवा. आणि घरात लहान भाऊ किंवा बहीण असेल, तर वाटी उंच फळीवर ठेवा. माझ्या घरी तिसऱ्या दिवशी सगळे मूग जमिनीवर होते.