बिननावाच्या माणसाचा सिनेमा

पडद्यावर नायकाच्या एका फटक्यात दहा माणसे आडवी होतात. त्या दहांची नावे कोणी विचारीत नाही. हाँगकाँगच्या सिनेमात या बिननावाच्या माणसाला मध्यभागी आणून उभे केले ते स्टीफन चाऊ या नट-दिग्दर्शकाने. त्याला नुसता विनोदवीर म्हणून बाजूला सारले जाते. पण ही ओळख अपुरी आहे. त्याचे उत्तम चित्रपट कोणते, हे ठरवताना गल्ल्याचे आकडे पाहू नयेत. हलक्या समजल्या गेलेल्या माणसाची किंमत त्या चित्रपटात काय केली आहे, ते पाहावे.

चाऊचा जन्म १९६२ सालचा. आईवडील विभक्त झाल्यावर तो आणि त्याच्या दोन बहिणी यांना आईनेच वाढवले. ब्रूस ली पाहून या मुलाने नट व्हायचे ठरवले. पण वाट्याला आल्या त्या दूरचित्रवाणीवरच्या किरकोळ भूमिका आणि मुलांच्या कार्यक्रमाचे निवेदन. १९८३ सालच्या एका गाजलेल्या मालिकेत तो क्षणात मारला जाणारा एक सैनिक होता. 'मरण्याआधी एक वार तरी अडवू द्या,' अशी विनंती त्याने तेव्हा केली होती, असे सांगितले जाते. पुढे १९९० साली 'ऑल फॉर द विनर'ने हाँगकाँगमधला कमाईचा विक्रम मोडला आणि १९९२ साली तिथल्या सर्वाधिक कमाईच्या पहिल्या पाचही चित्रपटांत तोच नायक होता!

हे यश कोणत्या भाषेत मिळाले, हेही लक्षात घेतले पाहिजे. हाँगकाँगच्या रस्त्यावरची भाषा कँटोनीज. पण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या पडद्यावर मँडरिनचे राज्य होते आणि कँटोनीज चित्रपट जवळजवळ बंद पडले होते. १९७३ साली चोर युएन यांच्या 'द हाउस ऑफ ७२ टेनंट्स' या चाळकऱ्यांच्या विनोदी चित्रपटाने लोकांची बोली पडद्यावर परत आणली. चाऊचा विनोद याच बोलीत वाढला. 'मो लेई ताउ' म्हणजे ज्याला शेंडा ना बुडखा, असे बोलणे. सभ्यांना ते वाह्यात वाटले. पण मोठ्यांच्या भारदस्त भाषेची टोपी उडवण्याची ताकद त्याच वाह्यातपणात होती. १९९४ सालच्या 'फ्रॉम बीजिंग विथ लव्ह'मध्ये जेम्स बाँडच्या जागी डुकराचे मांस विकणारा खाटीक येतो, यातच सगळे आले.

त्याच्या कारकिर्दीतला सर्वात खरा चित्रपट म्हणजे १९९९ सालचा 'किंग ऑफ कॉमेडी'. यातला नायक एक एक्स्ट्रा आहे. तो स्तानिस्लाव्हस्कीचे अभिनयावरचे पुस्तक वाचतो आणि मुडद्याची भूमिका मिळाली तरी मनापासून करतो. म्हणून त्याला हाकलून देतात. जेवणाच्या डब्यासाठीही त्याचा पाणउतारा होतो. भूक सोसता येते, पण डबा देणाऱ्याची नजर सोसत नाही, हे ज्याने भोगले त्यालाच कळते. तरीही हा माणूस स्वतःला नटच म्हणवतो. जगाने दिलेली पायरी तो मान्य करीत नाही. मोठी भूमिका हाती येते आणि निसटते. कोणताही चमत्कार त्याला वाचवत नाही. इथे स्वाभिमान हीच एकमेव कमाई आहे.

२००१ सालच्या 'शाओलिन सॉकर'मध्ये कचरा गोळा करून पोट भरणारा एक तरुण, पोटासाठी पांगलेले त्याचे गुरुबंधू आणि पाय मोडलेला एक जुना खेळाडू मिळून फुटबॉलचा संघ उभा करतात. कचऱ्यात हात घालणाऱ्याच्या अंगी काय कला आहे, हे विचारण्याची तसदी आजवर कोणी घेतलेली नसते. या चित्रपटाला हाँगकाँग फिल्म अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम चित्रपट, दिग्दर्शक आणि अभिनेता हे तिन्ही मान मिळाले.

२००४ सालच्या 'कुंग फू हसल'मधली 'डुकरांचा गोठा' नावाची चाळ त्या १९७३ च्या चित्रपटाचीच वारसदार आहे. टोळीवाले चाळीवर चालून येतात, तेव्हा उभे राहतात ते एक हमाल, एक शिंपी आणि नाश्ता विकणारा एक आचारी. पडद्याबाहेरही तेच घडले. घरमालकाची भूमिका करणारे युएन वाह एकेकाळी ब्रूस लीसाठी धोक्याच्या उड्या मारीत. ज्यांचा चेहरा कॅमेऱ्याने लपवला, त्यांना चाऊने समोर आणले, आणि त्या भूमिकेसाठी त्यांना पुरस्कारही मिळाला.

या चित्रपटाचा शेवट आपल्या वाचकांनी विशेष पाहण्यासारखा आहे. नायकाच्या अंतिम विद्येच्या चिनी नावात 'रूलाय' हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ तथागत! शत्रू गुडघ्यावर आलेला असतो. सूड घेण्याची पूर्ण ताकद हातात असताना नायक त्याला विचारतो, ही विद्या शिकायची आहे का? आणि शिकवण्याची तयारी दाखवतो. विद्या लपवून ठेवणाऱ्या गुरूंच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकल्या आहेत. शत्रूलाही विद्या देऊ करणारा नायक विरळाच.

२००८ साली प्रदर्शित झालेल्या 'सीजे सेव्हन'मध्ये बांधकामावरचा मजूर मुलाला श्रीमंतांच्या शाळेत घालतो आणि त्याच्यासाठी बूट मात्र कचऱ्याच्या ढिगातून शोधून आणतो. शिक्षणासाठी बापाने उपसलेल्या कष्टांचे इतके साधे चित्र क्वचितच दिसते.

पण कौतुकात डोळे मिटून घेणे बरे नाही. चाऊचा विनोद अनेकदा दुबळ्यांवरच घसरतो. बाईच्या रूपाची आणि बायकी वागणाऱ्या पुरुषाची थट्टा त्याच्या चित्रपटांत वारंवार येते. 'शाओलिन सॉकर'मधली पाव करणारी मुलगी स्वतःच्या चेहऱ्याची लाज बाळगते, आणि त्यावर प्रेक्षकाला हसवले जाते. दुसरा दोष अधिक खोल आहे. 'कुंग फू हसल'चा नायक शेवटी जन्मजात असामान्य निघतो. हमाल, शिंपी आणि आचारी प्राण देतात. विजय मात्र उपजत गुण असलेल्याचा होतो. थोरवी जन्माने येते, हा जुनाच विचार इथे मागच्या दाराने आत शिरतो. 'किंग ऑफ कॉमेडी' सर्वात वरचा ठरतो तो यामुळेच. त्याच्या नायकाकडे कोणताही उपजत चमत्कार नाही. त्याच्याकडे फक्त मेहनत आहे आणि मान न झुकवण्याचा हट्ट आहे.

२००८ नंतर चाऊ प्रामुख्याने दिग्दर्शनाकडे वळला. २०१६ सालच्या त्याच्या 'द मर्मेड'ने चीनमध्ये कमाईचे नवे विक्रम केले. अनेक चित्रपटांत त्याच्या जोडीला राहिलेले एन्ग मान-ताट २०२१ साली वारले. माणसे जातात, विक्रमही मोडतात. राहतो तो प्रश्न : मुडद्याची भूमिका करणाऱ्यालाही नट म्हणायचे की नाही? ज्या समाजाला या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे देता येत नाही, त्याने स्वतःला सुसंस्कृत म्हणवून घेऊ नये.