स्की न करता गुलमर्ग

प्रभादेवीहून लोकलने वांद्रे गाठा. वांद्रे टर्मिनसहून कटऱ्याला जाणारी स्वराज एक्स्प्रेस आहे आणि जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत धावते. विमानाची तिकिटं महागलेल्या हिवाळ्यात हा मार्ग खरोखर परवडतो.

खर्च वाढतो तो मुक्कामाचा. गुलमर्गमधली बडी हॉटेलं बर्फाच्या दिवसांत खिशाला झेपत नाहीत. मुक्काम श्रीनगरला किंवा पायथ्याच्या टंगमर्गला ठेवावा. टंगमर्ग ते गुलमर्ग अंतर फक्त १३ किलोमीटर, पण रस्त्यावर बर्फ असेल तर चाकांना साखळ्या लावलेली स्थानिक गाडीच घ्यावी लागते. गमबूट आणि जाड कोट टंगमर्गलाच भाड्याने मिळतात, विकत घेऊ नका. भाडं मात्र आधी ठरवा.

एकाच गोष्टीवर मोकळेपणाने खर्च करावा, ती म्हणजे गोंडोला (केबल कार). पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, दुसरा अफरवटवर, सुमारे ३,९०० मीटरवर. तिथे हवा विरळ असते आणि वारा वाढला की हा टप्पा बंद ठेवतात. आजी-आजोबा, लहान मुलं सोबत असतील तर कोंगडोरी पुरेसं आहे. बर्फ तिथेही भरपूर असतं, स्की करणारेही जवळून दिसतात. तिकीट निघण्यापूर्वीच ऑनलाइन काढा.

टेकडीवरचं महाराणी मंदिर पाहायला काहीच लागत नसे, पण जून २०२४ मध्ये ते आगीत जळालं; सध्या काय पाहायला मिळतं ते आधी विचारून घ्या. ‘आप की कसम’ चित्रपटामुळे (१९७४) ते अनेकांच्या ओळखीचं आहे.

बाहेरचं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही. घरातल्या एकाकडे तरी पोस्टपेड असू द्या.