चिटणीस खंडो बल्लाळ

शिवकाळातलं अस्सल पत्र पाहिलं की माथ्यावर राजमुद्रा दिसते आणि मजकुराच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ हा छोटा शिक्का. तो उमटला की पत्र संपलं. पुढे कुणाला एक ओळही घुसडता येऊ नये, ही त्याची योजना. या दोन शिक्क्यांमधल्या मोडी मजकुराची जोखीम चिटणिसावर असे. अष्टप्रधानांत त्याची गणना नव्हती. पण किल्लेदाराला गेलेली ताकीद असो की देशमुखाला दिलेलं अभय, राजाच्या मनातली गोष्ट आधी त्याच्या कानावर पडे.

खंडो बल्लाळ या जागेवर आले ते फार कठीण वेळी. वडील बाळाजी आवजी हे शिवाजी महाराजांचे चिटणीस. १६८१ मध्ये संभाजी महाराजांविरुद्धच्या कटाचा ठपका ठेवून त्यांना देहदंड झाला. मुलगा आवजीही त्यांच्याबरोबर गेला. पुढे येसूबाईंनी शब्द टाकला आणि चिटणिशी खंडो बल्लाळांकडे आली, असं सांगतात. बापाला मारणाऱ्या धन्याचीच पत्रं आता त्यांना लिहायची होती. त्यांनी ती लिहिली. एवढंच नव्हे, १६८३ च्या गोव्याच्या स्वारीत भरतीच्या पाण्यात महाराजांचा घोडा पोहणीला लागला, तेव्हा उडी टाकून तो आवरला तो याच चिटणिसाने.

यातलं बरंचसं चिटणीस घराण्याच्या परंपरेतून आलं आहे. त्याच घरातल्या मल्हार रामरावांनी पुढे बखरी लिहिल्या. घरच्या माणसाने घरच्या पूर्वजाबद्दल लिहिलेलं जरा जपूनच वाचावं. तरीही जिंजीचा प्रसंग मला सर्वात मोठा वाटतो.

राजाराम महाराज जिंजीत, बाहेर झुल्फिकारखानाचा वेढा. महाराजांना सुखरूप बाहेर काढायचं तर मोगलांकडे असलेल्या गणोजी शिर्क्यांची मदत हवी होती. शिर्क्यांनी मोबदला मागितला तो दाभोळच्या वतनाचा, आणि ते वतन खंडो बल्लाळांचं! त्या काळी वतनापायी भाऊ भावाच्या जिवावर उठत, पिढ्यान्‌पिढ्या वैर चाले. खंडो बल्लाळांनी वतन सोडून दिलं. १६९७ च्या अखेरीस महाराज वेढ्यातून निसटले.

१७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, तेव्हा हा शाहू तोतया असल्याचं ताराबाईंच्या पक्षाने उठवलं होतं. खेडच्या लढाईआधी सेनापती धनाजी जाधवांना शाहूंच्या बाजूला वळवण्यात खंडो बल्लाळांचा हात होता. १७२६ मध्ये ते वारले. तीन छत्रपतींची चिटणिशी त्यांनी केली होती. त्यांच्यामागे ती त्यांच्याच घरात राहिली.