पार्टिशन केलेल्या आयबीएम आय सर्व्हरचा टेप बॅकअप

आयबीएम आय ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्या मध्यम आकाराच्या व्यावसायिक सर्व्हरवर एकाच यंत्रात अनेक लॉजिकल पार्टिशन असू शकतात. या प्रत्येक पार्टिशनमधील ऑपरेटिंग सिस्टिम, आज्ञावल्या आणि विदा यांची प्रत चुंबकीय टेपवर उतरवून ठेवणे म्हणजे त्या सर्व्हरचा टेप बॅकअप होय. बॅकअपच्या दृष्टीने प्रत्येक पार्टिशन हा स्वतंत्र संगणक मानला जातो. एका पार्टिशनचा पूर्ण बॅकअप घेतल्याने शेजारच्या पार्टिशनमधील काहीही सुरक्षित होत नाही.

पार्श्वभूमी

आयबीएम कंपनीने जून १९८८ मध्ये एएस/४०० हा संगणक जाहीर केला. त्याची जडणघडण अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील रोचेस्टर येथे झाली. पुढे २००० मध्ये आयसीरीज आणि २००६ मध्ये सिस्टिम आय अशी नावे आली. २००८ मध्ये ही यंत्रे पॉवर सिस्टिम्स या मालिकेत सामावली गेली आणि ऑपरेटिंग सिस्टिमला आयबीएम आय हे नाव मिळाले. लॉजिकल पार्टिशनची सोय १९९९ पासून आहे. तीत प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि अ‍ॅडॅप्टर यांची वाटणी करून एका यंत्रावर प्रत्यक्ष व्यवहार, चाचणी किंवा वेगवेगळ्या शाखा यांची कामे अलग ठेवता येतात.

बॅकअपची गरज

या प्रणालीत सर्व डिस्क मिळून एकच सलग साठा मानला जातो आणि विदा त्या डिस्कांवर विखुरलेली असते. संरक्षण नसलेली एक डिस्क निकामी झाली, तरी त्या संचातील सर्व विदा गमावण्याचा धोका असतो. रेड किंवा मिररिंगमुळे हा धोका कमी होतो. मात्र चुकून पुसलेली फाइल, आग किंवा पूर यांपासून त्याने संरक्षण मिळत नाही.

पूर्ण बॅकअप

सेव्ह मेनूमधील पर्याय २१ संपूर्ण पार्टिशनचा बॅकअप घेतो. त्यासाठी पार्टिशन निर्बंधित अवस्थेत न्यावे लागते. या अवस्थेत नियंत्रक उपप्रणाली वगळता इतर उपप्रणाली बंद असतात आणि वापरकर्त्यांना काम करता येत नाही. एक पार्टिशन असे थांबवले, तरी इतर पार्टिशनांचे काम चालू राहते. रोजच्या बॅकअपमध्ये बहुधा बदललेल्या वस्तूच उतरवतात. काम चालू असतानाही बॅकअप घेण्याची सोय आहे. परंतु मूळ प्रणालीचा बॅकअप घेणारी सेव्हसिस ही आज्ञा निर्बंधित अवस्थेतच चालते.

टेप ड्राइव्हची वाटणी

सर्व्हरला थेट जोडलेला टेप ड्राइव्ह एका वेळी एकाच पार्टिशनच्या ताब्यात असतो. पहिल्या पार्टिशनचे काम संपले की तेथे ड्राइव्ह बंद स्थितीत आणून त्याचा अ‍ॅडॅप्टर दुसऱ्या पार्टिशनकडे वळवतात. त्यामुळे बॅकअपचे वेळापत्रक क्रमवार आखावे लागते. फायबर चॅनलने जोडलेली टेप लायब्ररी अनेक पार्टिशनांना सामाईक वापरता येते. अशा वेळी बीआरएमएस ही आज्ञावली कोणत्या टेपवर कोणाची विदा आहे आणि ती कधीपर्यंत जपायची आहे, याची नोंद ठेवते. ही नोंद नसल्यास एका पार्टिशनची टेप दुसऱ्याकडून पुसली जाऊ शकते.

पार्टिशनांची रचना

कोणत्या पार्टिशनला किती प्रोसेसर, किती मेमरी आणि कोणते अ‍ॅडॅप्टर दिले आहेत, ही माहिती पार्टिशनच्या टेपवर येत नाही. हार्डवेअर मॅनेजमेंट कन्सोल असलेल्या यंत्रांवर या प्रोफाइलांचा बॅकअप स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. तो नसल्यास, सर्व टेप शाबूत असूनही, आधी संपूर्ण रचना हाताने उभारावी लागते.

पुनर्स्थापना

पुनर्स्थापना टेपवरून यंत्र सुरू करून केली जाते. प्रथम परवानाकृत अंतर्गत संहिता, मग ऑपरेटिंग सिस्टिम, वापरकर्त्यांची प्रोफाइले, उपकरणांची मांडणी, लायब्ररी आणि डिरेक्टरी असा क्रम असतो. व्यक्तिगत अधिकार शेवटी परत दिले जातात. टेप वाचू शकणारा ड्राइव्हही उपलब्ध असावा लागतो. एलटीओ-७ पर्यंतचे ड्राइव्ह मागील दोन पिढ्यांच्या टेप वाचत असत, तर एलटीओ-८ फक्त एक पिढी मागची टेप वाचतो. म्हणून टेपची एक प्रत अन्य ठिकाणी ठेवण्याबरोबरच, प्रत्येक पार्टिशनची पुनर्स्थापना ठरावीक काळाने प्रत्यक्ष करून पाहणे आवश्यक मानले जाते.