निवृत्ती-व्हिसासाठी बँक शिल्लकेची अट : झरी जामणी तालुक्यातील निवृत्त प्राध्यापकाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकास, तेलंगणाच्या सीमेला लागून असलेला झरी जामणी हा कापसाच्या शेतीवर जगणारा आणि कोलाम, गोंड या आदिवासी समाजांची वस्ती असलेला तालुका होय. अशा तालुक्याच्या संदर्भात परदेशातील निवृत्ती-वास्तव्याची चर्चा वरकरणी अप्रस्तुत वाटेल. तथापि गेल्या दोन-अडीच दशकांत ग्रामीण महाविद्यालयांतील प्राध्यापकांची मुलेही शिक्षण व नोकरीच्या निमित्ताने परदेशी गेली. त्यामुळे सेवानिवृत्तीनंतर कोठे राहावे, हा प्रश्न तालुक्याच्या ठिकाणीही विचारला जाऊ लागला आहे. या प्रश्नाचा भावनिक भाग प्रत्येक कुटुंबाने आपापल्या परीने सोडवावयाचा असतो. त्याचा आर्थिक व कायदेशीर भाग मात्र निश्चित नियमांनी बांधलेला आहे. त्यातील सर्वांत जास्त गैरसमज असलेली अट म्हणजे बँक शिल्लकेची अट. प्रस्तुत लेखात या अटीचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे

१) निवृत्ती-व्हिसातील बँक शिल्लकेच्या अटीमागील हेतू समजून घेणे.
२) थायलंडच्या नियमांच्या आधारे या अटीची प्रत्यक्ष कार्यपद्धती स्पष्ट करणे.
३) भारतातून रक्कम पाठविताना लागू होणाऱ्या नियमांशी तिची सांगड घालणे.

बँक शिल्लकेची अट म्हणजे काय?

निवृत्ती-व्हिसा म्हणजे नोकरी किंवा व्यवसाय न करता, स्वतःच्या पैशावर त्या देशात राहण्याची परवानगी. यजमान देशास दोन गोष्टींची खात्री हवी असते. एक, हा वृद्ध पाहुणा शासकीय तिजोरीवर भार होणार नाही. दोन, दाखविलेला पैसा खरोखर त्याचाच आहे. अर्जापुरता उसना आणलेला नाही. दुसऱ्या हेतूमुळेच नियमात रकमेबरोबर मुदतही सांगितलेली असते. रक्कम खात्यात केवळ ‘असून’ भागत नाही, ती खात्यात ‘मुरलेली’ असावी लागते. ती कोणाच्या नावे आहे, कोठून आली आणि किती दिवस राहिली, हे तीन प्रश्न रकमेइतकेच महत्त्वाचे ठरतात.

सर्वच देश असा व्हिसा देत नाहीत. अमेरिकेत या नावाचा व्हिसाच नाही. ब्रिटनने स्वतंत्र उत्पन्न असलेल्या निवृत्तांसाठीची वर्गवारी नव्या अर्जदारांसाठी २००८ मध्ये बंद केली. ऑस्ट्रेलियाने गुंतवणूकदार निवृत्तांचा व्हिसा नव्या अर्जदारांसाठी २०१८ मध्ये बंद केला. कॅनडातील मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांसाठी २०११ पासून सुपर व्हिसा आहे. मात्र तेथे आईवडिलांच्या शिल्लकेऐवजी प्रामुख्याने मुलाचे उत्पन्न आणि आरोग्य विमा तपासला जातो. मराठी भाषकांची जुनी वस्ती असलेल्या मॉरिशसमध्ये ५० वर्षांवरील निवृत्तांसाठी परवाना आहे. तेथे एकरकमी शिल्लकेपेक्षा परदेशातून नियमित येणाऱ्या रकमेवर भर आहे. मलेशियाने २०२४ मध्ये नव्याने आखलेल्या योजनेत बहुतेक श्रेणींसाठी किमान दीड लाख अमेरिकन डॉलरची मुदत ठेव आणि घरखरेदीची अट घातली. ग्रामीण प्राध्यापकाच्या आवाक्याचा विचार करता, आणि नियमांच्या स्पष्टतेमुळेही, थायलंडचे उदाहरण अभ्यासास अधिक उपयुक्त ठरते.

थायलंडचे नियम : दोन टप्पे

थायलंडमध्ये ५० वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीस निवृत्तीच्या कारणास्तव राहता येते. येथे दोन टप्प्यांतील फरक लक्षात घेणे आवश्यक आहे.

पहिला टप्पा भारतातून करावयाच्या दीर्घ वास्तव्याच्या व्हिसाचा. यात ८,००,००० बाटइतकी शिल्लक किंवा दरमहा ६५,००० बाट उत्पन्न किंवा दोन्हींची एकत्रित बेरीज दाखवावी लागते. या टप्प्यावर भारतीय बँकेतील शिल्लक ग्राह्य धरली जाते. सोबत पोलीस पडताळणी, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि ३० लाख बाट संरक्षणाचा आरोग्य विमा लागतो.

दुसरा टप्पा एक वर्षानंतरच्या मुदतवाढीचा. येथे शिल्लक थायलंडमधील बँकेतच असावी लागते, आणि ती अर्जदाराच्या एकट्याच्या नावे असावी लागते. अर्जापूर्वी दोन महिने ८,००,००० बाट खात्यात असले पाहिजेत. १ मार्च २०१९ पासून अंमलात आलेल्या सुधारणेनुसार मंजुरीनंतर तीन महिने ही पूर्ण रक्कम तशीच ठेवावी लागते. त्यानंतरच्या काळात शिल्लक ४,००,००० बाटच्या खाली जाता कामा नये. बँकेचे पत्र आणि अद्ययावत पासबुक हे पुरावे होत.

अनेकांचा समज असा की तीन महिन्यांनंतर निम्मी रक्कम खर्चास मोकळी होते. प्रत्यक्षात पुढील वर्षाच्या अर्जापूर्वी दोन महिने ती पुन्हा भरून काढावी लागते. म्हणजे वर्षातील सुमारे पाच महिने ८,००,००० आणि उरलेले सुमारे सात महिने किमान ४,००,००० बाट अडकून राहतात. एका बाटचा भाव पावणेतीन रुपये गृहीत धरल्यास ८,००,००० बाट म्हणजे २२ लाख रुपये. ही रक्कम निर्वाहाची नव्हे. ती अनामत आहे असे समजूनच निर्वाहाचा हिशोब वेगळा मांडला पाहिजे.

निवृत्तिवेतन की ठेव?

महाराष्ट्रातील अनुदानित महाविद्यालयांच्या प्राध्यापकांपुढे हा प्रश्न दोन वेगळ्या रूपांत उभा राहतो. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी नियुक्त झालेल्यांना जुन्या योजनेचे निवृत्तिवेतन आहे. त्या तारखेपासून पुढे नियुक्त झालेल्यांसाठी परिभाषित अंशदान योजना आली आणि पुढे ती राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत समाविष्ट झाली. या योजनेत नंतर बदल झाले असले, तरी जमा रकमेतून हाती येणारी एकरकमी रक्कम आणि वार्षिकी हेच तिचे मूळ स्वरूप होय.

पहिल्या गटाचे उदाहरण घेऊ. समजा, एका प्राध्यापकास मूळ निवृत्तिवेतन व महागाई वाढ मिळून दरमहा १,३९,५०० रुपये मिळतात. वरील दराने ही रक्कम सुमारे ५०,७०० बाट होते. झरी जामणीत हे निवृत्तिवेतन भरघोस मानले जाईल. तरीही ६५,००० बाटच्या अटीस ते पुरत नाही. अशा वेळी एकत्रित बेरजेचा मार्ग उपयोगी पडतो. वार्षिक उत्पन्न सुमारे ६,०८,७०० बाट होते. उरलेले सुमारे १,९१,३०० बाट, म्हणजे सव्वापाच लाख रुपयांच्या आसपास, ठेव म्हणून दाखविता येतात.

येथेच निवृत्तिवेतनाच्या अंशराशीकरणाचा मुद्दा येतो. अंशराशीकरण केल्यास एकरकमी पैसा हाती येतो, पण मासिक रक्कम कमी होते. ठेवीचा मार्ग निवडणाऱ्यास ते सोयीचे आहे. उत्पन्नाचा मार्ग निवडणाऱ्यास ते अडचणीचे ठरू शकते. निवृत्तीच्या कागदपत्रांवर सही करण्यापूर्वीच मार्ग ठरलेला असावा, तो यासाठी.

दुसऱ्या गटाची मासिक वार्षिकी सामान्यतः इतकी नसते की ती ६५,००० बाटच्या जवळ जावी. त्यांच्यासाठी ठेवीचाच मार्ग उरतो, आणि आयुष्याच्या संचिताचा मोठा भाग परदेशी बँकेत एकाच जागी अडकतो. सारखाच पाठ्यक्रम शिकविणाऱ्या, शेजारच्या दोन खोल्यांत तास घेणाऱ्या दोन प्राध्यापकांपुढील पर्याय केवळ नियुक्तीच्या तारखेमुळे असे वेगळे होतात.

भारतातून रक्कम पाठविताना

रक्कम परदेशी पाठविण्याचा मार्ग व्यक्तीच्या निवासी दर्जावर अवलंबून असतो. निवासी भारतीयास रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकन डॉलरपर्यंत रक्कम पाठविता येते. २००४ मध्ये ही योजना सुरू झाली तेव्हा मर्यादा केवळ २५,००० डॉलर होती. आज मर्यादेची अडचण नाही. अडचण आहे ती तीन अन्य गोष्टींची.

पहिली, बँकेची. परकीय चलनाचे व्यवहार अधिकृत बँकेमार्फतच होतात आणि प्रत्येक ग्रामीण शाखेत ते होत नाहीत. सहकारी बँकेत ठेवी असणाऱ्यांना त्या साधारणतः अन्य बँकेत वळत्या कराव्या लागतात. शिवाय परदेशात खाते उघडण्यासारख्या भांडवली व्यवहारांसाठी पाठविणाऱ्याचे खाते त्या बँकेत किमान एक वर्ष जुने असावे, अशी अपेक्षा आहे. नवे खाते असल्यास बँक आधीच्या वर्षाचे खातेउतारे मागते.

दुसरी, कराची. अशा प्रेषणावर २०२० पासून बँक स्रोतावर कर गोळा करते. १ एप्रिल २०२५ पासून आर्थिक वर्षातील पहिल्या दहा लाखांवर हा कर नाही. शिक्षण व वैद्यकीय उपचार यांसारखी वेगळी तरतूद असलेली कारणे वगळता त्यापुढील रकमेवर तो २० टक्के आहे. २२ लाख एकाच वर्षात पाठविल्यास १२ लाखांवर २,४०,००० रुपये कापले जातात. हा जादा कर नव्हे. विवरणपत्रात तो समायोजित होतो किंवा परत मिळतो. परंतु तोवर पैसा अडकतो. तीच रक्कम मार्चमध्ये १० लाख आणि एप्रिलनंतर १२ लाख अशी विभागल्यास कपात केवळ ४०,००० रुपयांवर येते.

तिसरी, निवासी दर्जाची. अनिश्चित काळासाठी परदेशी राहावयास गेलेली व्यक्ती परकीय चलन कायद्यान्वये अनिवासी ठरते. तिचे बचत खाते अनिवासी सामान्य खात्यात रूपांतरित करावे लागते आणि प्रेषण योजना तिला लागू राहत नाही. मात्र त्या खात्यातून करांची पूर्तता करून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते. निवृत्तिवेतनही पाठविता येते. याउलट निवासी म्हणून पाठविलेली रक्कम परदेशात विनावापर पडून राहिल्यास १८० दिवसांत परत आणण्याचा नियम आहे. म्हणून आपण ‘वर्षभर राहून पाहण्यास’ जात आहोत की ‘स्थायिक होण्यास’, हे आधी ठरवून त्याप्रमाणे बँकेकडून लेखी खुलासा घेणे श्रेयस्कर.

वेळापत्रकाचे उदाहरण

समजा, एक निवृत्त प्राध्यापक दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, एक वर्ष राहून पाहण्यासाठी जातात. एप्रिलपासून तोवर १८२ दिवसांहून अधिक काळ भारतात गेलेला असल्याने, राहण्याचा हेतू तात्पुरता असेल तर, पुढील आर्थिक वर्षातही ते निवासी राहू शकतात. तेथे खाते उघडल्यावर पहिला हप्ता मार्चमध्ये आणि दुसरा जुलैपर्यंत पाठवावा. ऑगस्टअखेरीस ८,००,००० बाट पूर्ण असावेत, म्हणजे ऑक्टोबरमध्ये मुदतवाढीचा अर्ज करता येतो. त्यानंतर जानेवारीपर्यंत शिल्लकेला हात लावू नये. रुपयाचा भाव घसरण्याचा संभव लक्षात घेऊन काही रक्कम अधिक ठेवावी, कारण एक बाट कमी असला तरी अट मोडते. मुदतवाढीचा निर्णय स्थायिक होण्याचा असेल, तर त्याच वेळी भारतीय बँकेस अनिवासी दर्जा कळवावा.

विशेष दक्षता

पहिली बाब कुटुंबाची. खाते एकट्याच्या नावे असल्याने खातेदाराच्या मृत्यूनंतर पत्नीस ती रक्कम थेट काढता येत नाही. स्थानिक न्यायालयाकडून वारसा व्यवस्थापकाची नेमणूक करून घ्यावी लागते. परक्या देशात, परक्या भाषेत हे काम दुःखाच्या दिवसांत करावे लागू नये यासाठी तेथील मालमत्तेचे स्वतंत्र मृत्युपत्र आणि पत्नीच्या नावे वेगळे निर्वाह खाते आवश्यक होय.

दुसरी बाब शेतीची. अनिवासी भारतीयास पूर्वीची किंवा वारशाने आलेली शेतजमीन ठेवता येते, पण नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. शिल्लक उभी करण्यासाठी वडिलोपार्जित शेत विकणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. परत आल्यावाचून ते पुन्हा घेता येणार नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीस देण्यावर कायद्याचे कडक निर्बंध असल्याने, या तालुक्यातील आदिवासी प्राध्यापकांस शेती हे शिल्लकेचे साधन धरणे अवघड जाते.

तिसरी बाब कराची. वर्षात १८० दिवस थायलंडमध्ये राहणाऱ्याने तेथे आणलेले परदेशी उत्पन्न २०२४ पासून करपात्र झाले आहे. त्यापूर्वी साठविलेली बचत त्यातून वगळली आहे. म्हणून बचतीच्या तारखांचे खातेउतारे जपून ठेवावेत. भारत व थायलंड यांच्यात दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे.

चौथी बाब मध्यस्थांची. शुल्क घेऊन काही दिवसांपुरती शिल्लक दाखवून देणारे मध्यस्थ भेटतात. अशी शिल्लक हा खोटा पुरावा ठरतो आणि त्याचे परिणाम अर्जदारासच भोगावे लागतात.

निवृत्तिवेतनधारकाने नोव्हेंबरमधील हयातीचा दाखला विसरू नये. तो भारतीय दूतावासामार्फत किंवा डिजिटल पद्धतीने देता येतो.

निष्कर्ष

१) बँक शिल्लकेची अट ही रकमेपेक्षा मुदतीची, नावाची आणि उगमाची परीक्षा आहे.
२) अनामत रक्कम व निर्वाहाची रक्कम वेगळी धरल्याखेरीज निर्णय घेऊ नये.
३) अंशराशीकरण, बँकेची निवड आणि निवासी दर्जा हे निर्णय अर्जाच्या किमान एक वर्ष आधी घ्यावे लागतात.
४) २००५ नंतर नियुक्त झालेल्या प्राध्यापकांची जोखीम अधिक आहे, त्यांच्याबाबतीत परदेशी अडकणारी रक्कम हाच वृद्धापकाळाचा मुख्य आधार असतो.

समारोप

या नियमांचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाने परदेशी जावेच असे नाही. हिशोब मांडल्यावर कित्येकांना आपले २२ लाख रुपये झरी, वणी किंवा यवतमाळ येथेच अधिक निर्धास्तपणे उपयोगी पडतील असे आढळेल. काहींना जाणे शक्य आहे असे आढळेल. दोन्ही निष्कर्ष सारखेच मोलाचे आहेत. चाळीस वर्षांच्या अध्यापनातून साठलेला पैसा एका अटीसाठी बांधून ठेवण्यापूर्वी ती अट पूर्णपणे वाचलेली असावी, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.