दिलेल्या शब्दाचा हिशेब

बांधकामावरची माणसे एकमेकांना धरून काम करतात का, हा प्रश्न ब्रिटनमध्ये जुना आहे. लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटने १९६५ मध्येच दाखवून दिले होते की आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि ठेकेदार कामाने एकमेकांत गुंतलेले, पण करारांनी अलग पाडलेले असतात. या एकजुटीच्या मोजमापाला मात्र पुढची तीसेक वर्षे फारसा कोणी नेटाने हात घातला नाही.

१९९४ मध्ये बांधकाम उद्योगावर मायकेल लॅथम यांचा अहवाल आला, १९९८ मध्ये जॉन ईगन यांचा. ईगन यांनी लक्ष्ये आकड्यांत मांडली: खर्च आणि वेळ दरवर्षी १० टक्क्यांनी, दोष आणि अपघात २० टक्क्यांनी कमी. पण खर्च एकजुटीमुळे वाचला की पोटठेकेदाराला पिळून, हे अशा आकड्यांतून कळत नाही. ‘विश्वास किती?’ अशा प्रश्नावलीवरही माझा भरवसा नाही. ज्याचे बिल अडकले आहे, तो कमी गुण कसे देईल?

खरी वाट दाखवली ती अमेरिकेत ग्लेन बॅलार्ड यांनी. त्यांच्या ‘लास्ट प्लॅनर’ पद्धतीत कामगारांना प्रत्यक्ष काम वाटून देणारा माणूसच पुढच्या आठवड्याचा शब्द देतो. आठवडा संपला की मोजायचे: कबूल केलेल्यांपैकी किती कामे पुरी झाली? अर्धवट काम शून्यात जमा. १९९०च्या दशकातल्या त्यांच्या नोंदींत हे प्रमाण निम्म्याच्या आसपासच होते. मला त्याहून मोलाचा वाटतो तो न झालेल्या कामांच्या कारणांचा रकाना. ड्रॉइंग आले नाही, माल पोचला नाही, आधीच्या गँगने जागा मोकळी केली नाही. कारण बहुतेकदा दुसऱ्याच्या हाती असते, आणि संघ कुठे उसवला आहे ते तिथेच दिसते. मात्र हाच आकडा दंडासाठी वापरला, की लोक हमखास होणारेच काम कबूल करतात आणि मोजणी पोकळ होते.

दंडाची ही भीती काढून पाहिली ती हीथ्रो विमानतळाच्या टर्मिनल ५ वर. तिथे मालक कंपनी बीएएने जोखीम स्वतःच्या शिरावर घेतली, म्हणून चुका लपवण्याचे कारणच उरले नाही. इमारत वेळेत आणि अंदाजपत्रकात उभी राहिली. तरी २७ मार्च २००८ ला, टर्मिनल प्रवाशांसाठी खुले झाले त्याच दिवशी, सामानव्यवस्था कोलमडली आणि विमाने रद्द झाली. संसदीय समितीने ठपका ठेवला तो बीएए आणि ब्रिटिश एअरवेज यांच्यातल्या तुटक संवादावर. इमारत चालवणाऱ्या या दोघांतले नाते बांधकामाच्या कोणत्याच तक्त्यात मोजले जात नव्हते.